फा. विवाल्दी ह्यांचे बारा कॉन्चेर्टो



आपल्या विट्याकडील भजनी मंडळांत बुवा एकटा पद उचलतो आणि टाळकरी त्यास साथ देतात. बुवाचा आवाज पुढें जातो तो टाळकऱ्यांच्या बळावर. यूरोपांत सतराव्या शतकाच्या अखेरीस वाद्यसंगीतांत अशीच एक रीत रूढ झाली. एक किंवा अनेक प्रमुख वादक आणि त्यांच्या सभोंवार वाद्यवृंद, अशा ह्या रचनेस कॉन्चेर्टो म्हणतात. अशा रचनांचा एक अत्यंत गाजलेला संग्रह एका कॅथोलिक धर्मगुरूचा आहे, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल.

फा. आंतोनियो विवाल्दी ह्यांचा जन्म १६७८ सालीं व्हेनिस येथें झाला. १७०३ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली, आणि त्याच वर्षीं ते ‘पिएता’ नामक अनाथाश्रमांत व्हायोलिनचे शिक्षक झाले. हा आश्रम १३४६ सालीं स्थापन झालेला. टाकून दिलेलीं अर्भकें तेथें आश्रय पावत, आणि त्यांतील कांहीं मुलींस गायन-वादन शिकविलें जाई. ह्या मुलींस कुळाचें नांव नव्हतें. त्यांच्यांतील एक निष्णात वादक ‘व्हायोलिनची आन्ना मारिया’ ह्याच नांवानें ओळखली जाई. कुळानें न दिलेलें नांव तिला विद्येनें दिलें.

१७११ सालीं फा. विवाल्दी ह्यांचा ‘लेस्त्रो आर्मोनिको’ हा संग्रह आम्स्टरडॅम येथें छापला गेला. त्यांत बारा कॉन्चेर्टो आहेत. कांहीं एका, कांहीं दोन, तर कांहीं चार व्हायोलिनसाठीं. जर्मनींतील लुथरपंथी रचनाकार बाख ह्यानें त्यांपैकीं सहा रचना हार्प्सिकॉर्ड व ऑर्गन ह्या वाद्यांसाठीं नव्यानें लिहून काढल्या.

असें असूनही १७४१ सालीं फा. विवाल्दी व्हिएन्ना येथें निर्धन स्थितींत वारले, आणि पुढें त्यांचें संगीत जग विसरलें. १९२६ सालीं इटलींतील सालेशियन फादरांच्या एका विद्यालयांत त्यांच्या हस्तलिखितांचा मोठा सांठा सांपडला. तो रोबेर्तो फोआ ह्यांनीं, आणि दुसरीकडे असलेला उरलेला भाग फिलिप्पो जोर्दानो ह्यांनीं विकत घेऊन तुरिनच्या ग्रंथालयास अर्पण केला. दोघांचेही लहानगे पुत्र वारले होते. त्यांच्याच स्मरणार्थ हें दान झालें. ज्यांस आईबाप नव्हते त्या मुलींच्या गुरूचें संगीत, ज्यांचीं मुलें गेलीं त्या बापांनीं वांचविलें!

आपल्या शेजारच्या गोमंतकांतही पोर्तुगीज अमदानींत चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलिपि व व्हायोलिन शिकविलें जाई. माजोर्डा गांवचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) ह्याच परंपरेंतले. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत त्यांनीं कीर्ति मिळविली. १९५८ सालीं त्यांनीं मोठा वाद्यवृंद उभा केला, आणि भारतीय रागांवरील रचना त्याजकडून वाजवून घेतल्या.

ज्युबिलीच्या निमित्तानें आपण मंदिराच्या भिंतींचा व घंटेचा हिशेब मांडतों, तें योग्यच आहे. परंतु त्याच वहींत एक रकाना आणखी असावा: आपल्या धर्मग्रामानें किती गरीब मुलांच्या हातीं वाद्य दिलें? तो रकाना रिता राहूं नये, हीच प्रार्थना.