मोरी तुंबली त्याची गोष्ट

२०२४ च्या गणपतीतली गोष्ट आहे. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. आई तेव्हा साताऱ्याहून इकडे मिलवॉकीला आलेली होती, त्यामुळे मोदक उकडीचे होते आणि आळूवड्या तळलेल्या होत्या. रविवारी उत्तरपूजा झाली, चौदा पानं उठली, मंडळी आपापल्या घरी गेली आणि सिंक तुंबलं.

अमेरिकेतल्या सिंकला पोटात एक यंत्र असतं, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. पण मावशी आणि मामा यांच्यासाठी सांगतो. सिंकच्या भोकाखाली एक डबा, त्यात मोटर. भिंतीवरचं बटण दाबलं की खरकटं दळून पाण्याबरोबर वाहून जातं. याला गार्बेज डिस्पोजल म्हणतात. त्या रात्री बटण दाबलं तर नुसतं "घूंऽऽ" झालं आणि मग तेही थांबलं. सिंकमध्ये काठोकाठ राखाडी पाणी, वर भाताची शितं तरंगत होती.

आईने थोड्या वेळापूर्वी उरलेला वाटीभर वरणभात त्यात टाकला होता. मी बघितलं होतं. "आई, तुला किती वेळा सांगितलं, भात त्यात टाकायचा नाही म्हणून!" घरात बायको होती, मुलगी होती. आई "बरं" एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर ती बाथटबच्या कडेला बसून चहाची भांडी विसळत होती.

मग मी त्या यंत्राच्या मागे लागलो. आधी खटपट म्हणून, नंतर लाज वाटून.

हे यंत्र आमच्या शेजारचंच निघालं! मिलवॉकीच्या दक्षिणेला, लेक मिशिगनच्याच काठी रसीन नावाचं गाव आहे. तिथे जॉन हॅम्स नावाचा एक वास्तुविशारद राहायचा. १९२७ साली त्याने हे यंत्र तयार केलं, १९३५ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि १९३८ मध्ये त्याने कंपनी काढली. म्हणजे यंत्र तयार झाल्यापासून कंपनी निघायला अकरा वर्षं. घरं बांधणाऱ्या माणसाला मोरीची काळजी वाटावी, हे मला फार आवडलं. आपल्याकडे फ्लॅट बांधणाऱ्यांना ती वाटली असती तर... असो.

आणखी एक गंमत. तुंबलेल्या नळीत ओतायचं ड्रेनो नावाचं औषध १९२३ मध्ये सिनसिनाटीच्या हॅरी ड्रॅकेटने काढलं. कॉस्टिक सोडा आणि अ‍ॅल्युमिनियमचे कण. पाणी लागलं की उष्णता निर्माण होते, गॅसचे बुडबुडे येतात आणि चरबीचा साबण होऊन ती सुटते. नव्वदच्या दशकात ड्रॅकेटची कंपनी विकत घेतली ती एस. सी. जॉन्सनने, आणि ती कंपनीही रसीनचीच! थोडक्यात, खरकटं दळायचं यंत्र आणि चोंदलेली नळी मोकळी करायचं औषध एकाच गावात नांदतात. (औषध मात्र डिस्पोजलमध्ये ओतू नका. नंतर नळी उघडताना ते कॉस्टिक पाणी अंगावर उडतं.)

सगळ्यांना हे यंत्र पसंत होतं असंही नाही. न्यूयॉर्क शहरात बऱ्याच भागात त्यावर बंदी होती. तिथे पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच जुन्या गटारातून जातं, त्यात खरकट्याची भर नको म्हणून. मग काही घरांत प्रयोग करून पाहिला आणि १९९७ साली बंदी उठवली. मिलवॉकीचा प्रकार उलटा. हे शहर १९२६ पासून सांडपाण्याच्या गाळातून खत करून विकतंय. मिलॉर्गनाइट त्याचं नाव, दुकानात पोती मिळतात. जिथे मलापासून खत होतं तिथे वाटीभर वरणभाताचं काय ओझं!

आईला मी हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा जरा खुलली. साताऱ्याच्या आमच्या जुन्या घरी मोरीचं पाणी पन्हळीतून परसात जायचं. तिथे आळू आणि केळी. भांडी घासायला राख आणि नारळाची शेंडी, उष्टं गाईला, सालं उकिरड्यावर. मोरी तुंबली तर खराट्याचा हीर घालायचा की झालं. "आमच्या मोरीत तेलच जायचं नाही रे," आई सहज म्हणाली. "तळणीचं तेल दुसऱ्या दिवशी फोडणीला."

ते वाक्य मला तेव्हा लागलं नाही. संध्याकाळी लागलं.

संध्याकाळी मी ओट्याखाली आडवा झालो. आधी मेन बोर्डवरचा खटका बंद केला. डिस्पोजलच्या बुडाला मधोमध एक सहा कोनी भोक असतं, त्यात अ‍ॅलनची किल्ली घालून मागेपुढे फिरवायची. आत पाती असतात असा माझा समज होता. नसतात. एक तबकडी गरगर फिरते, तिच्यावरचे लोखंडी ठोकळे खरकटं कडेच्या खरबरीत कड्यावर आपटतात आणि ते तिथे किसलं जातं. किल्ली जराशी हलली आणि अडली. विजेरी मारून चिमट्याने बाहेर काढलं तर सुपारी! पूजेची. उत्तरपूजेनंतर तबक कोणी धुतलं होतं? मी.

सुपारी निघाली, बुडाचं लाल बटण दाबलं, मोटर फिरली. पण पाणी हलेना. म्हणजे चोंदलं होतं ते पुढे, नळीच्या वाकात. हा वाकही जुनाच. लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये संडासाच्या पेटंटमध्ये असा वाक घातला. त्यात कायम थोडं पाणी साचून राहतं आणि गटाराचा वास घरात येत नाही. पण जे पाणी अडवतं ते बाकीचंही अडवणारच. खाली बादली ठेवून मी दोन्ही चाक्या सैल केल्या.

आत भात नव्हता, म्हणजे होता, चार शितं. बाकी सगळा पांढरट, मेणासारखा गोळा. तेल आणि साबण. दर शनिवारी भजी तळली की कढईतलं तेल गरम पाण्याबरोबर सिंकमध्ये ओतणारा या घरात एकच माणूस आहे. गरम असेपर्यंत ते वाहतं, पुढे गार नळीत थिजतं. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपलखाली असाच गोळा सापडला होता, अडीचशे मीटर लांब आणि एकशे तीस टन. त्याचा तुकडा नंतर म्युझियममध्ये मांडला होता. माझा पावशेर असेल.

मी तो गोळा कागदावर घेऊन आईला दाखवायला गेलो. काय बोलायचं ते नीट ठरलं नव्हतं. "आई, भात नव्हता. तेल होतं. मीच ओतलेलं. आणि सुपारीही माझीच." मग बायको आणि मुलगी होत्या तिथे जाऊन पुन्हा तेच सांगितलं, कारण ओरडलो होतो तेही त्यांच्यासमोरच.

आई चष्मा लावून गोळा बघत राहिली. "ईऽऽ, टाक तो आधी," म्हणाली.

रात्री जेवणानंतर भांडी घेऊन ती बाथरूमकडे वळली नाही, सिंकपाशी आली. खरकटं मात्र दह्याच्या रिकाम्या डब्यात काढलं. मी म्हटलं, टाक की आता, चालतं. तिने एक भाताचं शीत टाकलं. मी बटणाकडे हात नेला.

"थांब," ती म्हणाली, "आधी पाणी सोड."