व्हियान्सिको : नाताळचे गीत आणि लोकवाणीचा प्रवेश

स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत आज नाताळच्या गीताला 'व्हियान्सिको' म्हणतात. परंतु ह्या शब्दाच्या मुळाशी ख्रिस्तजन्म नाही आणि कोणता सणही नाही. 'व्हियानो' म्हणजे खेडूत; त्याच्या गाण्याच्या वळणाने रचलेले ते व्हियान्सिको. खेडुताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या गीताने कॅथीड्रलच्या वेदीपर्यंत मजल कशी मारली, तेथे त्याचे काय झाले आणि तेथून ते पुन्हा बाहेर कसे पडले, हा केवळ संगीताचा इतिहास नव्हे. धर्मकार्यात एखाद्या भाषेला मिळालेली जागा आणि ती भाषा बोलणाऱ्या माणसांना मिळालेली जागा ह्या दोन गोष्टी एकच होत काय, हा प्रश्न त्यात आरंभापासून गुंतलेला आहे.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हियान्सिको हा काव्यप्रकार स्थिरावलेला दिसतो. आरंभी दोनतीन ओळींचे ध्रुवपद, नंतर कडवे, आणि कडव्याच्या शेवटी पुन्हा ध्रुवपदाच्या यमकाकडे परतणे, अशी त्याची घडण असे. विषयाचे बंधन नव्हते. 'राजवाड्याचा गीतसंग्रह' म्हणून प्रसिद्ध असलेल्या आणि बार्बिएरी ह्या संगीतकाराने १८९०मध्ये प्रकाशात आणलेल्या हस्तलिखितात साडेचारशेहून अधिक रचना आहेत. त्यांत प्रेमगीते आहेत, थट्टेची गीते आहेत आणि भक्तिगीतेही आहेत. ह्या प्रकाराचा तत्कालीन अग्रणी कवी हुआन देल एन्सिना. त्याचा काव्यसंग्रह १४९६मध्ये सालामांका येथे छापला गेला. त्यातील काही संवाद आल्बाच्या ड्यूकच्या वाड्यात नाताळच्या रात्री सादर करण्यासाठी रचलेले आहेत. मेंढपाळ येतात, रांगड्या बोलीत भांडतात, येशूच्या जन्माची वार्ता ऐकून निघतात आणि निघताना व्हियान्सिको गातात. ह्या बोलीला सायागो ह्या प्रदेशावरून नाव पडले होते. पण रंगभूमीवरील सायागेस हे खऱ्या खेडुताचे बोलणे नव्हते. दरबाराला हसू यावे म्हणून ते घडवलेले होते. नाताळच्या कथेत मेंढपाळाला मानाचे स्थान आहे, ह्याचा लाभ घेऊन खेडूत वाड्यात आला खरा. परंतु तो पात्र म्हणून आला, आणि त्याचे शब्द दुसऱ्याने लिहिलेले होते.

देवालयाचे दार उघडण्याचे श्रेय इतिहासकार बहुधा एर्नांदो दे तालाव्हेरा ह्यास देतात. १४९२मध्ये ग्रानादा जिंकले गेल्यानंतर तो तेथील पहिला आर्चबिशप झाला. नव्या प्रजेची भाषा अरबी होती आणि धर्माची भाषा लॅटिन. धर्मोपदेशकांनी अरबी शिकावे असा त्याचा आग्रह होता. १५०५मध्ये ग्रानादात छापलेला पेद्रो दे आल्कालाचा अरबी शब्दकोश हे त्याच प्रयत्नांचे फळ. सणाच्या रात्रीच्या दीर्घ प्रार्थनेत प्रत्येक पाठानंतर लॅटिन प्रतिवचन गाइले जाई. त्याच्या जागी तालाव्हेराने पाठाच्या आशयाला अनुरूप अशी स्पॅनिश पदे गावविली. लोक प्रार्थनेला येऊ लागले, अशी त्याच्या चरित्रकाराची साक्ष आहे. पुढे हाच परिपाठ झाला. तीन विभाग, प्रत्येकात तीन पाठ, आणि अखेरच्या पाठानंतर बहुधा लॅटिन स्तोत्र. म्हणून आठ किंवा नऊ व्हियान्सिकोंचा संच रचण्याची पद्धत पडली. त्या त्या वर्षाचे शब्द छोट्या पुस्तिकेत छापले जात. कवीचे नाव त्यावर पुष्कळदा नसे.

हा प्रवेश सर्वांना मानवला नाही. १५९६मध्ये दुसऱ्या फिलिपने राजप्रार्थनामंदिरात लोकभाषेतील गीते गाण्यास मनाई केली. मनाई फार काळ टिकली नाही. ज्या गीताने मंदिर भरते ते गीत मंदिराबाहेर ठेवणे धर्मसंस्थेला परवडणारे नव्हते.

अटलांटिकपलीकडे ह्या प्रश्नाला निराळेच परिमाण लाभले. १५२३मध्ये मेक्सिकोत पोहोचलेला पेद्रो दे गान्ते हा फ्रान्सिस्कन उपदेशक अनेक वर्षांनी, १५५८मध्ये, राजाला लिहिलेल्या पत्रात सांगतो की, येथील लोकांची उपासना गाण्यात आणि नाचण्यात आहे हे ध्यानात आल्यावर त्याने त्यांच्याच रीतीची पदे रचली आणि नाताळास ते दूरदूरच्या गावांहून गात आले. उपदेशकाने भाषा उचलली ती उपदेशासाठी, हे विसरता येत नाही. तथापि त्यामुळे नाहुआत्ल भाषेत ख्रिस्तजन्माचे गीत संभवले, हेही तितकेच खरे.

वाहाका येथील कॅथीड्रलच्या संग्रहात गास्पार फेर्नांदेस ह्याचे एक हस्तलिखित आहे. तो १६०६पासून १६२९पर्यंत प्वेब्लाच्या कॅथीड्रलचा संगीतप्रमुख होता. १६०९ ते १६१६ ह्या काळातील सुमारे तीनशे रचना त्यात आहेत. बहुतेक स्पॅनिश, काही पोर्तुगीज, काही नाहुआत्ल, आणि काही आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या स्पॅनिशचे अनुकरण करणाऱ्या. ह्या हस्तलिखिताच्या अखेरच्या वर्षीच, म्हणजे १६१६मध्ये, गोमंतकात रायतूर येथे फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. १५८० ते १६४० ह्या काळात स्पेन आणि पोर्तुगाल ह्यांचा राजा एकच होता. प्वेब्ला आणि गोवा ही एकाच मुकुटाची दोन टोके होती. दोन्हीकडे धर्मप्रसाराला लोकांच्या वाणीवाचून गत्यंतर नव्हते. फरक आहे तो वाणीच्या वापरात. स्टीफन्सने मराठी ओवी घेतली ती एका प्रौढ पुराणाचे वाहन म्हणून. प्वेब्लाच्या गीतांत अनेक भाषा एकाच रात्री, एकाच वेदीपुढे, निरनिराळ्या पात्रांच्या तोंडी येतात.

हुआन गुतिएरेस दे पादिया हा मालागाचा संगीतकार १६२९मध्ये फेर्नांदेसनंतर प्वेब्लाचा प्रमुख झाला आणि १६६४मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिला. त्याचे सोळाशे पन्नाशीच्या दशकातील नाताळचे संच ह्या प्रकाराचे वैभव दाखवितात. बालकाच्या दर्शनाला जिप्सी येतात, पोर्तुगीज येतात, आफ्रिकन वाद्ये वाजवीत नाचत येतात. आफ्रिकनांच्या गीताला 'नेग्रिया' म्हणत. त्यात 'र'चा 'ल' होतो, लिंगवचनाचा मेळ मुद्दाम बिघडवलेला असतो आणि निरर्थक नादांची पुनरावृत्ती असते. लय विलक्षण चैतन्याची आहे. परंतु ही बोलीदेखील सायागेसप्रमाणे बरीचशी रंगभूमीवरून आलेली होती. लोपे दे रुएदाच्या नाटकांतून सोळाव्या शतकातील प्रेक्षक तिला हसत आले होते. ज्या प्वेब्लात हे गीत गाइले जात होते, त्याच प्वेब्लात माणसांची खरेदी-विक्री चालू होती. गीतातील आफ्रिकन गोठ्यापाशी आनंदाने नाचतो. कापडाच्या कारखान्यात कोंडलेल्या आफ्रिकनाचा त्या आनंदाशी काय संबंध, हे गीत विचारीत नाही.

हा प्रश्न एका गीताने विचारला. ते सोर हुआना इनेस दे ला क्रूस हिचे आहे. १६६९मध्ये सान हेरोनिमोच्या मठात प्रविष्ट झालेल्या आणि १६९५मध्ये मृत्यू पावलेल्या ह्या कवयित्रीने १६७६ ते १६९१ ह्या काळात मेक्सिको, प्वेब्ला आणि वाहाका येथील उत्सवांसाठी व्हियान्सिकोंचे संच रचले. प्वेब्लाचा १६८९चा नाताळचा संच त्यांतलाच. प्रस्तुत गीत मात्र नाताळचे नसून १६७७च्या संत पेद्रो नोलास्कोच्या उत्सवाचे आहे. नोलास्कोने स्थापिलेल्या मर्सेदारियन पंथाचे व्रत होते मुसलमानांच्या कैदेतील ख्रिस्ती बंदिवानांना द्रव्य देऊन सोडविण्याचे. त्या उत्सवाच्या गीतात आफ्रिकन पात्र नेहमीच्या विद्रूप स्पॅनिशमध्येच बोलते. पण ते म्हणते काय? हे पाद्री बंदिवानांना सोडवितात म्हणे. मी तर कारखान्यातच राहतो, मला काही ते सोडवीत नाहीत. लगेच ते पात्र भानावर येते, सैतानाने आपल्याला कुरकुर करावयास लावले असे म्हणते आणि संताची क्षमा मागते.

ह्या माघारीमुळे प्रश्न पुसला जात नाही. प्रेक्षक ज्या बोलीला हसावयास बसला आहे, तिच्यातूनच त्याच्या उत्सवाचे मर्म उघडे पडते. मात्र सोर हुआनाला गुलामांची कैवारी ठरविण्याची घाईही करू नये. तिच्या मालकीची एक गुलाम स्त्री होती आणि १६८४मध्ये तिने तिला आपल्या बहिणीस विकले, हे कागदोपत्री नोंदलेले आहे. कवयित्रीच्या आचरणापेक्षा तिचे गीत अधिक पुढे गेले. काव्यप्रकार कधी कधी लेखकालाही न जुमानता बोलतो, त्याचे हे एक उदाहरण.

अठराव्या शतकात कॅथीड्रलमधील व्हियान्सिको क्षीण होत गेला. धर्माधिकाऱ्यांना त्याची नाटकी रीत खटकू लागली. लॅटिन प्रतिवचने परत आली. बाहेर मात्र तो जगला. आन्दालुसियात मातीच्या मडक्यावर कातडे ताणून त्यात बसविलेली काठी हाताने घासून वाजविण्याच्या सांबोंबा ह्या वाद्याभोवती बसून तो गाइला जातो. व्हेनेझुएलात आणि पोर्तो रिकोत 'आगिनाल्दो' ह्या नावाने त्याची भावंडे घरोघर फिरतात. मेक्सिकोत १६ ते २४ डिसेंबर ह्या नऊ संध्याकाळी 'पोसादा' होते. अर्धे लोक दाराबाहेर उभे राहून योसेफ-मारियेसाठी आसरा मागतात, आतले गाऊनच नकार देतात, आणि अखेर दार उघडते. येथे गाणाऱ्यासाठी दुसऱ्या कोणी बोली रचून देत नाही. बाहेर उभा राहिलेला आणि आत बसलेला हे एकाच गल्लीतले, एकाच भाषेचे शेजारी असतात.

१९६३मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेने उपासनेत लोकभाषांना अधिकृत वाट करून दिली. पुढल्याच वर्षी आरिएल रामिरेस ह्या अर्जेंटिनी संगीतकाराने फेलिक्स लुनाच्या शब्दांवर, चामामे, वीदाला, ताकिरारी अशा तेथील लोकलयींत, ख्रिस्तजन्माची गीतमाला रचली. तालाव्हेराच्या प्रयोगाला एवढ्या काळानंतर मान्यतेची मुद्रा लाभली.

ह्या इतिहासातून अनुवादकाला आणि समीक्षकाला एक सावधगिरी शिकता येते. एखाद्या ग्रंथात अनेक बोली नांदतात म्हणून तेथे अनेक माणसे बोलली, असे मानणे भोळेपणाचे ठरेल. आणि त्या बोली विडंबनाच्या आहेत म्हणून त्यांत सत्य नाही, असे म्हणणे उतावीळपणाचे. नेग्रियाचा अनुवाद करताना तिची मोडकी भाषा सरळ करून टाकली तर १६७७च्या त्या प्रश्नाची धार जाते, आणि हास्यासाठी ती आणखी मोडली तर तो प्रश्न ऐकूच येत नाही. व्हियान्सिकोच्या ध्रुवपदात खेडुताचे नाव राहिले. त्याच्या कडव्यांत कोण कोणासाठी बोलत आहे, हे प्रत्येक वेळी नव्याने तपासावे लागते.