तळटीप १४ : ‘राजाश्रय गेला, कुस्ती सरली’ या विधानाविषयी

१४. लेखकाचे हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. १९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झाले आणि खासबागेचे कुस्ती मैदान बांधणाऱ्या गादीचा आधार आटला, हे खरेच. पण राजूर-अकोल्याकडे जिला हगामा म्हणतात ती जत्रेतली कुस्ती गाववर्गणीवर चालते. तिचा पोशिंदा राजा नव्हताच. मग हगाम्यानेच कुस्ती तारली, असे कोणी म्हणेल. तेही अर्धेच. हगाम्याने मल्लाला बिदागी दिली, नियम दिले नाहीत. वजनगट आणि गुणांची रीत आली ती ऑलिंपिकमुळे (१९५२, हेलसिंकी : खाशाबा जाधवांचे कांस्यपदक), आणि १९६१पासूनच्या ‘महाराष्ट्र केसरी’ने राज्याच्या मल्लांना एक सामाईक शिखर दिले. युद्धोत्तर जपानातले कराटे इथे ताडून पाहावे. पराभवानंतर शाळांतून युद्धकला हटवल्या गेल्या. कराटे टिकले ते संघटना आणि स्पर्धांच्या बळावर. स्पर्धांविषयी साशंक असलेले कराटेगुरू फुनाकोशी १९५७मध्ये वारले, आणि जपान कराटे संघटनेची पहिली अखिल जपानी स्पर्धा त्याच वर्षी झाली. आपल्याकडे जुने इतके पुसले गेले नाही : केसरीच्या लढती आजही माती आणि गादी (मॅट) अशा दोन विभागांत होतात.