टाकीत हवा किती उरली? एका आकड्यावर भरवसा ठेवण्याचा इतिहास

(हे आपल्या भागाचं लिखित रूप आहे. बोलताना जे सुटलं, ते लिहिताना थोडं नीट केलंय.)

 

आजची गोष्ट पाण्याखालची आहे, पण सुरुवात रस्त्यावरून करूया. तुमच्या बाबांची किंवा काकांची जुनी बाइक आठवते? पेट्रोलच्या टाकीखाली एक छोटा कॉक असायचा. चालू, बंद आणि रिझर्व्ह. गाडी धक्के खायला लागली, की हात खाली घालायचा, कॉक फिरवायचा आणि म्हणायचं, “गाडी रिझर्व्हला लागली रे, पंप बघ कुठे आहे.” आणि एखाद्या दिवशी कळायचं, की कॉक आधीपासूनच रिझर्व्हवर होता. कालच कुणीतरी फिरवला आणि परत ठेवायचं विसरला. मग काय, गाडी ढकलत न्या!

आता हाच प्रकार समुद्रात 20 मीटर खाली झाला तर? तिथे गाडी ढकलता येत नाही. तिथे संपतो तो आपला श्वास.

मालवण-तारकर्लीला जाऊन आलेल्या बऱ्याच जणांनी स्कूबा केलं असेल. इंट्रो डाइव्हमध्ये तुमच्या मागे इन्स्ट्रक्टर असतो. टाकीत किती हवा आहे हे तो बघतो, तुम्ही मासे बघता. पण सर्टिफिकेट घेऊन स्वतः डाइव्ह करायला लागलात, की ते काम तुमचं. आजकाल तो आकडा थेट मनगटावरच्या कॉम्प्युटरवर दिसतो, मध्ये नळी नाही, वायर नाही. प्रश्न एवढाच, की त्या आकड्यावर भरवसा किती ठेवायचा? आणि हा प्रश्न वाटतो तेवढा नवा नाही बरं का.

आधी काटा होता, मग तो गेला

1933. फ्रेंच नौदलातले अधिकारी ईव्ह ल प्रिएर यांनी हवेच्या टाकीवर चालणारं एक उपकरण तयार केलं. त्यात हवा सतत वाहायची आणि किती सोडायची ते डायव्हरने हाताने ठरवायचं. त्यामुळे हवा भरपूर वाया जायची. पण त्या उपकरणावर टाकीचा दाब दाखवणारा काटा होता! म्हणजे बघा, 90 वर्षांपूर्वीच्या डायव्हरला आपली टाकी किती भरलेली आहे ते दिसत होतं.

मग 1943 मध्ये जॅक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी अ‍ॅक्वा-लंग बनवलं. गान्यां हे एअर लिक्विड कंपनीतले इंजिनिअर. दुसरं महायुद्ध चालू होतं, फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई, म्हणून गाड्या गॅसवर चालवायची धडपड सुरू होती. त्या गॅससाठी गान्यांनी एक व्हॉल्व्ह तयार केला होता. तोच सुधारून पाण्याखाली वापरला. आपण श्वास ओढला, की तेवढीच हवा येणार, एरवी बंद. पहिली चाचणी मार्न नदीत झाली.

शोध जबरदस्तच होता. हवा वाचली, हात मोकळे झाले. पण पुढची बरीच वर्षं बहुतेक डायव्हरना पाण्याखाली टाकीचा दाब बघायची सोय नव्हती. दाब मोजायचा तो किनाऱ्यावर. मग खाली गेल्यावर कळायचं कसं?

बाइकचा रिझर्व्ह, पाण्याखाली

त्यावर उत्तर निघालं ते आपल्या बाइकच्या कॉकसारखंच. टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये एक स्प्रिंग. दाब साधारण 20 ते 35 बारपर्यंत उतरला, की ती स्प्रिंग हवेची वाट अडवायची. श्वास ओढायला जड जायला लागला, की समजायचं, वेळ झाली. मग टाकीच्या बाजूची दांडी खाली ओढायची, वाट मोकळी व्हायची, उरलेली हवा मिळायची आणि वर निघायचं.

याला म्हणतात ‘जे-व्हॉल्व्ह’. नाव कुठून आलं माहितीये? यू. एस. डायव्हर्स कंपनीच्या कॅटलॉगमध्ये तो ‘जे’ अक्षरासमोर छापलेला होता. आणि साधा, रिझर्व्ह नसलेला व्हॉल्व्ह ‘के’ समोर. तीच नावं जगभर चिकटली.

आता याची गडबड कुठे? अगदी बाइकसारखीच. दांडी खडकाला घासून किंवा बोटीवर धक्का लागून आधीच खाली गेलेली असेल, तर इशारा मिळतच नाही. डायव्हर निवांत आहे, त्याला वाटतंय, जड लागलं की बघू. आणि एका श्वासानंतर पुढचा श्वास येतच नाही. त्यात आणखी एक गंमत अशी, की टाकी भरताना दांडी खालीच ठेवावी लागायची, म्हणजे पाण्यात उतरण्याआधी ती आठवणीने वर करायची. विसरलात, की संपलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढे ती सारखी लागणार आहे. जे-व्हॉल्व्ह बिघडायचा हा एवढाच त्याचा दोष नव्हता. तो गुपचूप बिघडायचा. बिघडलेला व्हॉल्व्ह आणि ठणठणीत व्हॉल्व्ह, दोन्ही पाण्याखाली सारखेच वाटायचे.

काटा परत आला

1970 च्या दशकात पाण्याखाली वाचता येणारं प्रेशर गेज सर्रास वापरात आलं. रेग्युलेटरच्या हाय प्रेशर पोर्टमधून एक नळी निघते आणि तिच्या टोकाला काट्याचं घड्याळ. आता इशाऱ्याची वाट बघायला नको. मनात आलं की बघा, 120 बार आहे, 90 आहे, 60 आहे.

हा फरक किती मोठा आहे, ते एका हिशोबाने बघूया. 12 लिटरची टाकी 200 बारला भरली, की तिच्यात साधारण 2400 लिटर हवा मावते. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागत असेल, तर पूर्ण दोन तास पुरेल. पण 30 मीटरवर दाब चौपट असतो, म्हणून तिथे मिनिटाला 80 लिटर लागते. दोन तासांची हवा अर्ध्या तासात खलास! घाबरलात आणि धापा टाकायला लागलात, तर त्याहून लवकर. त्यामुळे ‘अंदाज आहे मला’ हे वाक्य पाण्याखाली चालत नाही.

गेजसुद्धा परिपूर्ण नाही. काटा अडकू शकतो. नळीच्या जोडावरची ओ-रिंग खराब झाली, की बारीक बुडबुडे सुटतात. पण त्यात एक हुशारी केलेली आहे. नळीत हवा जाते ती अगदी सुईच्या टोकाएवढ्या भोकातून. त्यामुळे नळी फाटली तरी टाकी क्षणात रिकामी होत नाही, वर यायला वेळ मिळतो. बिघाड होणारच, असं धरून केलेली ही रचना आहे.

नळी गेली, लहरी आल्या

1983 मध्ये अमेरिकेत ‘ऑर्का एज’ नावाचा डाइव्ह कॉम्प्युटर बाजारात आला. आकाराने जवळजवळ विटेएवढा. खोली आणि वेळ मोजून तो सांगायचा, की शरीरात नायट्रोजन किती साठलाय आणि अजून किती वेळ थांबता येईल. त्या दशकाच्या अखेरीला नळीने जोडलेले, टाकीचा दाबही दाखवणारे कॉम्प्युटर आले. आणि 1990 च्या दशकात स्वित्झर्लंडच्या उवाटेक कंपनीच्या ‘अलादिन एअर एक्स’सारख्या कॉम्प्युटरनी नळीच काढून टाकली. टाकीकडे एक छोटा ट्रान्समीटर, मनगटावर स्क्रीन.

तुम्ही म्हणाल, त्यात काय? ब्लूटूथ असेल. नाही ना! ब्लूटूथच्या लहरी समुद्राच्या पाण्यात बोटभर अंतरातच मरतात, कारण खारं पाणी विजेचं वाहक असतं. म्हणून या ट्रान्समीटरमध्ये खूप कमी फ्रिक्वेन्सी वापरतात. एक प्रसिद्ध आणि बऱ्याच कंपन्यांनी वापरलेली पद्धत साधारण 38 किलोहर्ट्झची आहे. ती पाण्यातून जाते, पण मीटर-सव्वा मीटर गेली की अशक्त होते. म्हणजे टाकीपासून मनगटापर्यंत पुरेल, जेमतेम. साधारण दर पाच सेकंदांनी ट्रान्समीटर एक छोटा संदेश सोडतो, की मी अमुक नंबरचा, दाब इतका.

आता ‘जेमतेम’ म्हटलं, की अडचणी आल्याच. हातात कॅमेरा धरून हात लांब केला, आकडा गायब. कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकला किंवा जवळ पाण्याखालची स्कूटर चालू झाली, तर तिच्या विद्युत गोंगाटात संदेश हरवतो. ट्रान्समीटरची बॅटरी उतरली, तीच कथा. शिवाय दोन टाक्या, दोन ट्रान्समीटर असतील आणि दोघेही एकाच क्षणी बोलले, तर एकाचंही ऐकू येत नाही. आपल्या घरी जेवणाच्या टेबलावर होतं तसं! यावर कॅनडाच्या शिअरवॉटर कंपनीने वेगवेगळ्या रंगांचे ट्रान्समीटर दिले, ज्यांच्या संदेशांमधलं अंतर वेगवेगळं होतं. पुढे त्यांनी ‘स्विफ्ट’ आणला, जो आधी ऐकतो आणि शांतता असेल तेव्हाच बोलतो. गार्मिनने वेगळाच रस्ता धरला. 2020 च्या सुमारास त्यांच्या डिसेंट घड्याळाबरोबरचा ट्रान्समीटर रेडिओऐवजी ध्वनिलहरी वापरायला लागला, त्यामुळे जोडीदाराची हवाही काही मीटरवरून दिसायला लागली.

आणि एक अगदी साधी भानगड. ट्रान्समीटरचा आकार मुठीत धरण्यासारखा असतो. बोटीवर मदत करणाऱ्या माणसाला वाटतं, हँडलच आहे. तो त्यालाच धरून टाकी उचलतो. कटकन!

मग भरवसा ठेवायचा की नाही?

इथे जे-व्हॉल्व्हची आठवण काढा. वायरलेसचा सिग्नल तुटला, की चांगला कॉम्प्युटर काय करतो? जुना आकडा तसाच दाखवत बसत नाही. थोडा वेळ वाट बघतो आणि मग आकड्याच्या जागी रेघा दाखवतो किंवा सिग्नल नाही असं लिहितो. म्हणजे तो कबूल करतो, की मला माहीत नाही. सिग्नल जाणं त्रासदायक आहे, पण ते बोंब मारून जातं. तुम्हाला कळतं आणि तुम्ही वर निघू शकता.

खरी भीती असते ती स्वच्छ, ठळक, चुकीच्या आकड्याची. आणि याचं एक खरं उदाहरण इतिहासात आहे. 2003 मध्ये अमेरिकेत 1995 साली बनलेले ‘अलादिन एअर एक्स नायट्रॉक्स’ कॉम्प्युटर परत मागवले गेले. टाकीचा सिग्नल हे त्याचं कारण नव्हतं. हिशोब चुकत होता. डायव्हर बोटीवर बसून साधी हवा घेत असताना कॉम्प्युटर धरून चालायचा, की तो अजून टाकीतलं जास्त ऑक्सिजनचं मिश्रणच घेतोय. त्यामुळे शरीरातला नायट्रोजन खरा होता त्यापेक्षा कमी मोजला जायचा आणि पुढच्या डाइव्हला जास्त वेळ खाली थांबायची परवानगी मिळायची. स्क्रीनवर एकही रेघ नाही, इशारा नाही. सगळं एकदम व्यवस्थित दिसत होतं. पुन्हा तोच गुपचूप बिघाड!

आता दुसरी बाजू. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेने 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 947 मृत्यू तपासले. ज्या प्रकरणांमध्ये सुरुवात कशामुळे झाली हे ठरवता आलं, त्यातल्या 41 टक्के प्रकरणांत कारण होतं हवा कमी पडणं. उपकरणातल्या अडचणी 15 टक्के. म्हणजे बहुतेक वेळा यंत्र दगा देत नाही, हवा संपत येते आणि माणूस वेळेत वर निघत नाही. या बाबतीत मनगटावरचा आकडा खरंच उपयोगी आहे. गेज शोधायला हात मागे घालावा लागत नाही, नजर टाकली की दिसतो. शिवाय तुमच्या श्वासाच्या वेगावरून किती मिनिटं उरली तेही तो सांगतो.

म्हणूनच वायरलेस वापरणारे बरेच अनुभवी डायव्हर काट्याचं गेजही जोडून ठेवतात. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, बघायच्या आधी मनात अंदाज करतात. आता 110 असेल. बघितलं, 108. ठीक. पण अंदाज 110 आणि स्क्रीनवर 160 असेल, तर स्क्रीनवर खूश होऊ नका. थांबा, गेज बघा, जोडीदाराला खूण करा. गुपचूप होणारा बिघाड पकडणारं एकच उपकरण अजून तरी आहे, आणि ते मनगटावर बसत नाही, मास्कच्या मागे असतं.

तर मंडळी, पुढच्या वेळी मालवणला गेलात, तर तुमच्या मागे असलेल्या त्या दादाला किंवा ताईला बोटीवर परत आल्यावर एक प्रश्न नक्की विचारा, “आपण वर निघालो तेव्हा टाकीत किती बार होते?” तो आकडा ऐका. पुढे स्वतः डायव्हिंग शिकलात, तर पहिली सवय तीच लावायची आहे.

हा भाग आवडला असेल, तर समुद्रवेड्या मित्राला किंवा मैत्रिणीला पाठवा. आणि हो, घरात अजून जुनी बाइक असेल, तर तिचा कॉक कुठे आहे तेवढं बघून घ्या!

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.