शिट्टीवरचं वजन

गेल्या शनिवारी माळा आवरताना माझं जुनं वाफेचं इंजिन सापडलं. हातभर लांबीचं, पितळी बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा. मी सहावीत असताना काकांनी लंडनहून आणलेलं. भाच्याने बघितलं आणि "मामा, आत्ताच चालव ना" सुरू. पाणी भरणार तेवढ्यात सेफ्टी व्हॉल्व्हकडे लक्ष गेलं. स्प्रिंग पार दाबून बसवलेली. कोणी? अर्थात मीच! वाफ 'फुकट' जाते, इंजिन हळू पळतं, म्हणून सहावीतल्या अस्मादिकांनी पकडीने नट पिळला होता. आणि भाच्याचे डोळे बरोबर टेबलाच्या उंचीवर.

इंजिन परत खोक्यात गेलं. भाचा रुसला. मग अख्खा शनिवार मी या व्हॉल्व्हचा इतिहास वाचत बसलो.

सुरुवात चक्क स्वयंपाकघरातली आहे. १६७९ साली डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने लंडनच्या रॉयल सोसायटीला हाडं शिजवायचं एक बंद भांडं दाखवलं. ते फुटू नये म्हणून त्याने त्यावर वजनाने दाबलेली झडप बसवली. दाब वाढला की वजन उचललं जातं, वाफ निघते. म्हणजे आपल्या कुकरची शिट्टीच की. पार्ल्यात सकाळी प्रत्येक मजल्यावर पापँसाहेब ओरडत असतात :-)

यंत्र तेव्हाच सापडलं होतं. पुढची दोनशे वर्षं गेली ती माणसाचा हात त्यापासून लांब ठेवण्यात. १८०३ मध्ये ग्रिनिचला रिचर्ड ट्रेविथिकचं पंपाचं इंजिन फुटलं. सांभाळणारा पोरगा ईल मासे पकडायला गेला होता, मागे राहिलेल्याने इंजिन थांबवलं पण व्हॉल्व्ह मोकळा केला नाही. चार माणसं गेली. त्यानंतर ट्रेविथिकने दोन व्हॉल्व्ह बसवायला सुरुवात केली, त्यातला एक चालवणाऱ्याच्या हाताला न लागणारा. शिवाय शिशाचं बूच, पाणी संपलं की वितळणारं. (कुकरच्या झाकणावर असतो तो सेफ्टी प्लग याच्याच खानदानातला.) तरी १८३१ मध्ये अमेरिकेत 'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन' फुटलंच. व्हॉल्व्हच्या फुसफुसण्याला कंटाळून फायरमनने तो दाबून धरला, असं सांगतात. ऑफिसात सर्व्हरचे अलर्ट म्यूट करणारे आम्ही त्याला काय हसणार!

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, त्या काळातल्या पुष्कळ इंजिनांवर स्प्रिंगच्या काट्याचा व्हॉल्व्ह असे. नट फिरवला की जास्त दाब. घाईतल्या ड्रायव्हरला आणखी काय हवं? १८५५ च्या सुमारास जॉन रॅम्सबॉटमने यावर तोड काढली, आणि मला ती फार आवडली. दोन व्हॉल्व्ह, मधे एकच स्प्रिंग, आणि ड्रायव्हरपर्यंत आलेला दांडा. दांडा वर ओढा नाहीतर खाली दाबा, दोन्हीपैकी एक व्हॉल्व्ह सैलच होणार. घट्ट करायची सोयच ठेवली नाही पठ्ठ्याने.

आपल्याकडे १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली, १८६४ मध्ये बंगालमध्ये तपासणीचा कायदा आला आणि १९२३ मध्ये देशभरासाठी एकच. त्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे. पण २५ लिटरपेक्षा लहान बॉयलर या कायद्यात येतच नाही. म्हणजे माझ्या इंजिनाला इन्स्पेक्टर कोण? मीच. ज्याने नट पिळला तोच!

लहान म्हणून निर्धास्त राहावं, असंही नाही. इंजिन दहा पट लहान केलं की व्हॉल्व्हचं भोक शंभर पट लहान होतं, पण मुंबईच्या पाण्यातला क्षाराचा कण तेवढाच राहतो. तो बसला की गोळी चिकटली. म्हणून मॉडेलवाले गोळी न गंजणाऱ्या स्टीलची घेतात, आणि पितळातलं जस्त हळूहळू निघून ते ठिसूळ होतं म्हणून बॉयलरला जोडायचे भाग ब्राँझचे. नवा बॉयलर पाण्याने गच्च भरून चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाबाला तपासतात. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे फुटला तरी गळतो, उडत नाही. उकळतं पाणी मात्र एकदम मोकळं झालं की त्यातल्या जेवढ्याची वाफ होते, ते सोळाशे पटींच्या वर फुगतं.

मग मीही हातपंप आणि दाबमापक आणला. जुना व्हॉल्व्ह वेगळा काढून पंपाला जोडला. इंजिनाच्या पत्रकात दिलेल्या आकड्याच्या दुप्पट दाब झाला तरी महाशय ढिम्म. तो फेकला. आता सील केलेला नवा मागवलाय, ज्याचा नट फिरवताच येत नाही. तो आला की आधी बॉयलरची पाण्याची चाचणी, मग रिकाम्या घरात वाफेची.

भाचा रोज फोन करून विचारतो, "मामा, व्हॉल्व्ह आला?" टेबलापासून चार हात लांब बसवेन, असं ताईला कबूल केलंय. तो नट कोणी पिळला होता, हे मात्र अजून तिला सांगितलेलं नाही.