नागपूरची मध्यरात्र

मे 1952. जेवणंखाणं उरकून मुंबई आडवी होत असताना तुम्ही सांताक्रूझला डाकोटात शिरता. विमानाचं शेपूट जमिनीला टेकलेलं आणि नाक आभाळाकडे, त्यामुळे दारापासून कॉकपिटपर्यंत चढणच असते. वाटेत दोराने आवळलेल्या टपालाच्या थैल्या, मोजके प्रवासी. कॅप्टन एक गाठ हाताने ओढून पाहतात. उड्डाणात थैल्या मागे घसरल्या तर शेपूट जड होऊन विमान हाताबाहेर जाईल. मगच ते लोडशीटवर सही करतात.

तुम्ही एका विमान कंपनीचे सहवैमानिक आहात. कंपनी लहान, पण देशाचं रात्रीचं टपाल तिच्या पंखांवर आहे. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रोज रात्री एकेक विमान निघतं. चारही नागपूरला भेटतात, थैल्यांची अदलाबदल करतात आणि उजाडायच्या सुमारास आपापल्या गावी परततात. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांच्या पाठबळाने जानेवारी 1949 मध्ये ही सेवा सुरू झाली. त्याच वर्षी एप्रिलपासून साध्या पत्रालाही जादा पैसे न घेता विमानाने न्यायची सोय झाली. किडवईंचं नाव इतिहासात आलं ते योग्यच. या वैमानिकांनाही तिथे तेवढीच जागा मिळायला हवी होती.

धावपट्टीच्या टोकाशी कॅप्टन दोन्ही इंजिनांचे मॅग्नेटो तपासतात. एक बंद केला की फेरे जरासे उतरतात. ते किती उतरले यावर तुमची नजर खिळलेली असते, कारण जास्त उतरले तर आज निघता येणार नाही. काटे ठीक आहेत. सह्याद्री ओलांडला की खाली अंधार. औरंगाबादचे थोडे दिवे, पुढे वऱ्हाडात तेही विरळ. रेडिओ ऑफिसर कानाला हेडफोन लावून मोर्स टिपतो. ढगांच्या पोटात काय दडलंय ते दाखवणारं रडार विमानात नाही. वीज चमकली की तेवढ्यापुरता ढग दिसतो.

सोनेगावला दार उघडताच नागपूरचा उन्हाळा अंगावर येतो. मध्य प्रदेशाची ही राजधानी झोपली आहे, विमानतळ मात्र जागा आहे. दिल्ली आली, मद्रास आली. हमाल थैल्या खांद्यावर घेऊन एका विमानाकडून दुसऱ्याकडे धावतात. गावाचं नाव कंदिलाजवळ धरून वाचायचं आणि मगच आत टाकायची. एक थैली चुकली तर मद्रासची पत्रं दिल्लीला जातील. कलकत्त्याचा पत्ता नाही. बंगालमध्ये कालबैसाखीचं वादळ उठलंय, तिथून निघायलाच उशीर झाला. तिघांनाही थांबणं भाग आहे, कारण कलकत्त्याच्या थैल्या घेतल्याशिवाय परतण्यात अर्थ नाही. वेळापत्रक कागदावर कितीही नेटकं असलं, तरी खरी वेळ ठरवतं सगळ्यांत मागचं विमान. तुम्ही चहा घेता, पाठ टेकता, पण झोपायचं नाही; अर्धवट झोप मोडून उडण्यापेक्षा जागं राहिलेलं बरं, असं कॅप्टनचं मत.

शेवटी कलकत्ता उतरतं. निघताना विमान पुन्हा भरलेलं, हवा अजून तापलेली, म्हणून इंजिनाची ताकद नि पंखांची उचल दोन्ही कमी. चाकं जमीन सोडतात त्या काही क्षणांत एक इंजिन बंद पडलं तर त्याची पाती वाऱ्याला समांतर करून दुसऱ्यावर विमान सावरायचं, तेही अंधारात. तुमचा हात लिव्हरजवळच असतो. तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून तुम्हाला ठाऊक आहे: 1 ऑगस्ट 1953 ला ही कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन होईल, आणि 12 डिसेंबरला इथूनच मद्रासला निघालेलं डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळेल. 13 जण जातील; वाचेल तो एकटा वैमानिक. शेजारी बसलेल्या कॅप्टनना यातलं काही सांगता येत नाही.

परतीचा प्रवास जास्त कठीण. धोका असतो तेव्हा झोप येत नाही. ती येते सगळं सुरळीत चाललेलं असताना, पहाटेच्या आधी, इंजिनांच्या एकसुरी घरघरीत. तेलाचा दाब वाचता, तोंडाने आकडा म्हणता आणि पुढच्याच क्षणी विसरता. कॅप्टन मुद्दाम प्रश्न विचारत राहतात.

सांताक्रूझला थैल्या उतरतात. कलकत्त्याचं कालचं पत्र आज गिरगावात वाटलं जाईल. तुम्ही लॉगबुक भरता, रोस्टर पाहता. आज रात्री पुन्हा तुमचंच नाव आहे. म्हणजे उकाडा वाढायच्या आत झोपायला हवं.