वृद्धाश्रमातील जीवनगुणवत्ता

निवासी संस्थेत राहणाऱ्या वृद्धांना आपले आयुष्य कितपत सुखाचे, सन्मानाचे आणि स्वतःच्या हातातले वाटते, याचे मोजमाप. खोली, जेवण व औषधपाणी हा त्याचा पाया खरा. पण तपासणीला येणाऱ्यांना तेवढेच दिसते आणि म्हणून त्यालाच नको इतके महत्त्व मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वृद्धांसाठीच्या प्रश्नावलीत सहा विभाग व २४ प्रश्न आहेत. लोकांत मिसळणे, ज्ञानेंद्रियांची क्षमता यांबरोबरच स्वायत्तता, जिव्हाळ्याचे संबंध आणि मृत्यूविषयीची धास्ती यांनाही तीत स्वतंत्र जागा आहे.

या विषयाला वळण दिले ते ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी. इंग्लंड-वेल्समधील १७३ संस्थांना भेटी देऊन त्यांनी १९६२ मध्ये ‘द लास्ट रेफ्यूज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. अनेक वृद्ध तेव्हाही जुन्या दरिद्रालयांच्या (वर्कहाउस) इमारतींत राहत होते. रिकामा वेळ, एकांताचा अभाव आणि तुटलेली नाती यांचे त्यांनी केलेले वर्णन आजही जुने वाटत नाही.

मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर व जुडिथ रॉडिन यांचा १९७६ चा प्रयोग सर्वांत जास्त सांगितला जातो. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका शुश्रूषागृहात एका मजल्यावरील रहिवाशांना आपले निर्णय आपण घ्यायचे असे सांगून एकेक रोपटे निवडायला दिले. पाणी घालणे त्यांच्याकडे. दुसऱ्या मजल्यावर रोपटी दिली, पण पाणी परिचारिका घालणार होत्या. तीन आठवड्यांत पहिला गट अधिक उत्साही दिसला. अठरा महिन्यांनंतर त्या गटातील मृत्यूंचे प्रमाण १५ टक्के, तर दुसऱ्यातले ३० टक्के होते. नमुना लहान असल्याने हे शेवटचे आकडे जपूनच वापरावेत.

महाराष्ट्रातही तक्रारी बहुधा अशाच बारीकसारीक गोष्टींच्या असतात : चहा कधी मिळणार, उपासाला काय, दूरदर्शनवर कोणता कार्यक्रम लावायचा, कपाटाची किल्ली कोणाकडे. जन्मभर ‘बाई’ म्हणून मान घेतलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकेला कालपरवा रुजू झालेल्या मुलीने ‘ए आजी’ म्हणून हाक मारावी, हेही त्यातलेच. यांतल्या बहुतेक गोष्टी सुधारायला पैसा फारसा लागत नाही. लागतो तो पुरेसा आणि टिकून राहणारा कर्मचारीवर्ग. आंघोळ घालणारा माणूस दर महिन्याला बदलला, तर संकोच कधी मोडतच नाही.

अमेरिकेने १९८७ च्या कायद्याने शुश्रूषागृहांतील रहिवाशांना आपले गट स्थापण्याचा हक्क दिला आणि कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी त्यांना बांधून ठेवण्यास मनाई केली. भारतात २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ नुसार राज्य सरकारे प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम उभारू शकतात. त्यांच्या व्यवस्थापनाच्या योजनेत वैद्यकीय सेवा व करमणुकीची साधने यांचा उल्लेख आहे. दिनक्रम ठरवताना रहिवाशांना विचारावे, असे हे कलम म्हणत नाही.